डाव्या पायातली चप्पल

आमच्या ह्यांच्या डाव्या पायात चप्पल नसली, की समजायचं डिझेल चालू आहे. बाहेरच्या माणसाला यातलं काही कळणार नाही, म्हणून आधीच सांगून टाकते.

सासरे रेल्वेच्या नोकरीपायी विदर्भातून रायपूरला आले आणि गुढियारीत घर करून राहिले. ह्यांना रेल्वे काही लागली नाही. ह्यांनी पिकअप घेतली आणि उरला-बीरगांवच्या कारखान्यांतला माल बस्तरकडे पोचवायला लागले. पाईप, पत्रे, पंपाचे सुटे भाग, असलं सगळं. त्या वाटेवर हव्या त्या ठिकाणी डिझेल मिळेलच असं नसायचं, म्हणून केबिनच्या मागे एक जादा टाकी बसवून घेतली. त्या टाकीतलं डिझेल गाडीच्या मूळ टाकीत सोडायला एक छोटा पंप होता, आणि पंपाचं बटण स्टिअरिंगच्या खाली. बटण दाबलं की पंप सुरू. बंद मात्र आपण आठवणीने करायचा. मूळ टाकी भरली हे त्या पंपाला कळत नसे. तो आपला ओततच राहायचा, आणि जास्तीचं सगळं रस्त्यावर. काट्यावर भरवसा ठेवावा तर घाटात काटा इकडून तिकडे डोलायचा.

मग आठवण ठेवायची कशी? ह्यांनी स्वतःची युक्ती काढली होती. बटण दाबलं की डाव्या पायातली चप्पल काढायची, बटण बंद केलं की घालायची. रबर झिजलेल्या क्लचचं लोखंड उघड्या तळव्याला लागत राहायचं, त्यामुळे विसरायची सोयच नव्हती. चप्पल पायात येईपर्यंत चहा नाही, फोन नाही, खाली उतरणं नाही.

मी कधी सोबत असले की चिडवायची, "एका पायानं कोणत्या देवाले चालले?"

"हासून घे," हे म्हणायचे. "आजपावतो एक थेंब तरी सांडला काय?"

नव्हताच सांडला. ह्या माणसाने आयुष्यात फार काही मिळवलं असं नाही, पण ह्यांच्या गाडीखालचा रस्ता कोरडा असायचा आणि तोच ह्यांचा तोरा होता. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, कोणाच्या गाडीतून तेल गळताना दिसलं, की हे असं तोंड करायचे की जणू त्या माणसाने घरातच घाण केली. मला तेव्हा हसू यायचं.

एका सकाळी मला बीरगांवला बहिणीकडे सोडून हे पुढे माल भरायला जाणार होते. रस्त्यात मागून कोणीतरी सारखा हॉर्न वाजवत होता. शेवटी तो मोटरसायकलवाला बाजूला आला आणि ओरडला, "भैया, डीजल गिर रहा है! पूरा रोड चिकना कर दिए!"

ह्यांनी गाडी थांबवली. मी खिडकीतून मागे पाहिलं. दूरपर्यंत काळी ओली रेघ, त्या रेघेवर आडवी पडलेली एक स्कूटी, आणि कोपर धरून बसलेली एक बाई. तिच्या डब्यातली डाळ रस्त्यावर सांडली होती. हे मात्र मागे पाहतच नव्हते. खाली वाकून स्वतःच्या पायांकडे पाहत होते. दोन्ही पायांत चपला होत्या.

"चप्पल तं घातली न मी," हे मला म्हणाले. लहान मुलाने तक्रार करावी तसे. "मंग चालू कसं?"

बटणावरचा लाल दिवा जळत होता. ह्यांनी चप्पल आठवणीने घातली होती आणि बटण बंद करायचं राहिलं होतं. साधा विसराळूपणा मला कळला असता. घरातल्या किल्ल्या, चष्मा, सगळेच विसरतात. पण हे काहीतरी वेगळं होतं.

त्या बाईला फार लागलं नव्हतं. ह्यांनी तिच्यापुढे हात जोडले. मग रस्त्याच्या कडेची माती ओंजळीने आणून डिझेलवर टाकत बसले. पुरे झालं म्हटलं तरी उठेनात. गाड्या अंगाला घासून जात होत्या.

घरी आल्यावर सगळा दोष बटणाला लागला. बटण बदललं. नवीन बटणानेही डिझेल सांडलं. मग मीच शेजारी बसायला लागले. चालू करा, बंद करा, चप्पल घाला. कारखान्याच्या गेटवरचे इतर ड्रायव्हर हसायचे. "भाभी, साहब पर नजर रख रही हो क्या?" मीही हसून घ्यायची. दुसरं काय करणार? सुरुवातीला मी बोलायच्या आतच ह्यांचा हात बटणाकडे जायचा, आणि मग "तू काहून सांगून राहिली, मले समजते" असं फटकारायचे. मला ते फटकारणं फार गोड वाटायचं. काही महिन्यांनी तेही थांबलं. हात गुडघ्यावर ठेवून माझ्या तोंडाकडे पाहायला लागले.

आमच्या मुलाला मराठी कळते, पण तो बोलतो हिंदीतच. तो म्हणाला, "पापा, ऑटो कट-ऑफ लगवा देते हैं. टंकी भरी कि पंप अपने आप बंद. टेंशन ही खत्म." मिस्त्रीने ते बसवलं. टाकी भरली आणि खरोखरच पंप आपोआप थांबला. मी वेड्यासारखी खूश झाले. गाडीपुढे नारळसुद्धा फोडला.

पुढच्याच खेपेला ह्यांनी बटण दाबलं, सवयीने चप्पल काढली. टाकी भरल्यावर पंप आपला बंद झाला. पण ते ह्यांच्या पायाला कोण सांगणार? उघडा पाय क्लचवर तसाच. हे पुन्हापुन्हा खाली पाहत होते.

"अवो, झालं बंद ते. घाला चप्पल," मी म्हटलं.

"कोणं केलं बंद?"

"मशीननं."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

त्या घोळात धमतरीकडे जाणारं वळण मागे राहिलं. पुढच्या चौकात ह्यांनी गाडी मधोमध उभी केली आणि मला विचारलं, "आता इथून कुठं?" ज्या रस्त्यावर ह्यांचं उभं आयुष्य गेलं, त्या रस्त्याचा पत्ता मला विचारत होते. मागे हॉर्नचा कल्लोळ चालला होता. मला त्या मशीनचा इतका राग आला की खाली उतरून लाथ घालावी. तोवर डिझेल सांडत होतं, तर निदान सगळं बटणावर ढकलता येत होतं.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि गाडीची किल्ली लपवा म्हणाले. गोळ्यांनी बरं होईल का, असं मी विचारलं. ते नाही म्हणाले. सरळ सांगितलं त्यांनी, त्याबद्दल मला त्यांचा राग नाही.

गाडी विकायची ठरली. घेणारा आला, तेव्हा हे स्वतःहून पुढे झाले आणि त्याला सगळी गाडी दाखवली. टाकी कुठे, पंप कुठे, काटा कधी खोटं बोलतो, कट-ऑफ बिघडलं तर काय करायचं. "और बटन दबाया कि बायाँ चप्पल उतार देना. हँसो मत भैया. एक बूँद नहीं गिरेगा." एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. मी मुलाला दंडाला धरून आत ओढलं.

"नको विकू रे. पाह्य न, किती चांगलं सांगून राहिले."

"आई, प्लीज," तो म्हणाला. त्याचेही डोळे भरले होते.

गल्ली अरुंद, म्हणून हे रस्त्यावर उभे राहून हाताने इशारे करत होते. आने दो, आने दो, बस. गाडी वळली, निघून गेली. हे समाधानाने आत आले, पाणी प्यायले.

"चांगली ठेवली होती गाडी," मला म्हणाले. "कोणाची होती वं?"

आता हे घरीच असतात. दुपारी खाटेवर बसले की डाव्या पायातली चप्पल काढतात, पाय फरशीवर टेकवतात आणि कासावीस होतात. काहीतरी चालू राहिलं आहे, ते बंद कर, म्हणतात. मी पंखा बंद करते. ते नाही म्हणतात. गॅस बघते, पाण्याची मोटर बघते, मोबाईलचा चार्जर काढते. ते नाही. चप्पल घालून दिली की घटकाभर शांत बसतात, मग पुन्हा काढतात. दिवसभर हेच चालतं.

काल माझाही धीर सुटला. मी मेन स्विचच खाली ओढला. फ्रिजची घरघरसुद्धा थांबली. बाहेर ऊन रणरणत होतं, आम्ही दोघं घामाने निथळत बसलो.

"पाहा," मी म्हटलं, "घरातलं सारं बंद केलं. आता काहीच चालू नाही."

ह्यांनी कान दिला. बराच वेळ खाली पायाकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे पाहिलं. किती दिवसांनी त्या डोळ्यांत ओळख होती.

"नाही वं," हे म्हणाले. "सारं सांडून राहिलं. अन् तू नुसती पाहून राहिली."

चप्पल माझ्या हातात होती. मी ह्यांच्या पायाशी खाली बसले.

"हव," मी मान डोलावत म्हटलं.