सुगंधीच्या निकालावर मी सही केली नाही

“आजी, हे बाळ बाहेर न्या. आणि तुम्हीही फ्रेममध्ये येऊ नका.”

मला हे सांगणारी मुलगी पंचवीस-सव्वीसची. गळ्यात ओळखपत्र, पायात पांढरे बूट. शेणवे गावाच्या पुढच्या वाडीत, निवृत्तीनंतर मी मदतीला जाते त्या बालवाडीला एका संस्थेनं टॅब दिले होते. ही मॅडम त्या संस्थेकडून मुलांची चाचणी घ्यायला आली होती. पहिलीत जायला कोण तयार, कोण नाही, ते टॅब ठरवणार.

समोर सुगंधी बसली होती. साडेपाच वर्षांची. मांडीवर आठ महिन्यांची बहीण, चिंगी. आई वनिता भातकापणीला मजुरीवर गेलेली. कापणीच्या दिवसांत वाडीतली मोठी पोर धाकटीला घेऊनच बालवाडीत येते. त्यात कुणाला काही वाटत नाही. टॅबला वाटलं. कॅमेऱ्यात दोन चेहरे आले की पडदा लाल व्हायचा, प्रश्न थांबायचा. मूल दुसऱ्याला विचारून उत्तर देतंय, असा त्याचा संशय. आठ महिन्यांच्या बाळाला विचारून!

मी चिंगीला उचललं आणि बाहेर गेले.

मुलांनो, हे लिहायची लाज वाटते. मी निमूट गेले. तीस वर्षं शहापूरच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवलेली तुमची आजी, आणि एका पोरीनं हात हलवताच उठली. ते अंगातच आहे. टोकावड्याच्या बाजूला, गावाबाहेरच्या वस्तीत मी जन्मले. खळ्यावर मालकाची माणसं आली की आई माझा दंड धरून मागे ओढायची. “सर गो, सर.” पुढे बी.ए. झाले. घर बांधलं. तुमचा बाबा परदेशी गेला. दंडावरची ती पकड काही सुटली नाही.

बाहेर चिंगीनं भोकाड पसरलं. आत टॅब विचारत होता, सगळ्यात मोठं भांडं कोणतं? सुगंधी दाराकडे बघत होती. वेळ संपली. पुढचा प्रश्न. ती दाराकडेच. वेळ संपली. सगळे प्रश्न तसेच गेले. निकाल आला. तयार नाही.

मॅडम फोनवर कुणाला तरी म्हणाली, “नो अटेन्शन स्पॅन. दीज पीपल डोंट टॉक टु देअर चिल्ड्रन.” माझ्यासमोर. मला कळणार नाही अशा खात्रीनं.

दुपारी खिचडी आली. ताटल्या वाटायला सुगंधी उठली. सगळ्यात भरलेली ताटली तिनं उचलली आणि कोपऱ्यात बसलेल्या मंगी नावाच्या पोरीपुढे ठेवली. दुसऱ्या पोरी ओरडल्या, “तिला कशाला गो जास्त?”

“तिची आय पहाटंच गेली. तिनं कायच खाल्लं नाय.”

मग स्वतःच्या ताटलीतला भात बोटांनी मऊ केला, मिरची बाजूला काढली, फुंकर घातली आणि चिंगीला भरवला. मोठं कोणतं ते तिला कळत होतं. ते कुणाला द्यायचं तेही कळत होतं. हा प्रश्न टॅबमध्ये नव्हता.

माझं डोकं फिरलं. आधी स्वतःवरच. त्या टॅबसाठीचा अर्ज मीच लिहिला होता. सुंदर इंग्रजीत. आमची मुलं मागे आहेत, त्यांना पुढे आणा. मी माझ्याच माणसांना मागास लिहून दिलं होतं.

जाताना मॅडमनं कागद पुढे केला. “आजी, साक्षीदार म्हणून इथे सही करा.”

“नाय करणार.”

मग तिला इंग्रजीत सांगितलं की तुझा फोन मी ऐकलाय. तिचा चेहरा उतरला. “सॉरी मॅम.” एका वाक्यात आजीची मॅम झाले. त्यानं आणखी चीड आली. वनिताला इंग्रजी येत नाही. तिला सॉरी कोण म्हणणार?

“सही नसेल तर केंद्र बंद दाखवावं लागेल,” मॅडम म्हणाली. “टॅब, सोलर, पंखा, सगळं परत जाईल.”

तोवर बाया कापणीवरून परतल्या होत्या. यमुनाचा नातू याच बालवाडीत आहे. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “तुझी नातवंडं टॅबवर, नि आमच्या पोरांना माती काय गो बाय? तू तर त्यांना टॅबवरच बघतेस!”

बाया हसल्या. खरंच होतं ते.

“बघते,” मी म्हटलं. “पण माझा नातू बोलतो तवा बहीण त्याच्या मांडीवर असते. तिला बाहेर न्या असं कोण बोलत नाय.”

वनिता पुढे आली. हातात विळा तसाच. “माझ्या पोरीला काय लिवलाय त्यात?”

मी वाचून दाखवलं.

“पंखा न्या,” ती मॅडमला म्हणाली. “पोरीला खुळी लिवून नेऊ नका.”

त्यांनी पंखा नेला. सोलर नेला. टॅब नेले. निकाल सहीवाचून अडला की तसाच पुढे गेला, ते मला कुणी सांगत नाही. यमुना अजून माझ्याशी धड बोलत नाही. तिचं चुकत नाही. टॅब तिच्या नातवालाही हवाच. तो मी पुन्हा मागितला आहे, पण या वेळी अर्जात मुलांची कीव नाही, अटी आहेत. चौघांत एक टॅब. मांडीवरचं बाळ मांडीवरच राहील. शेजारी माणूस बसेल, गोष्ट सांगेल, मुलांचं ऐकेल. घड्याळ बंद. चाचणीच्या नावाखाली कुणाही मुलाला एकटं पाडायचं नाही. उत्तर आलेलं नाही. दर सोमवारी स्मरणपत्र जातं.

तुमचा बाबा म्हणतो, आई, आता इकडे ये. नाही येणार. जूनपर्यंत सुगंधी सहा वर्षांची होईल. वनिता आणि मी तिचं नाव पहिलीत घालायला जाणार आहोत. शाळेला तिला नाकारता येत नाही, तो कायदा मला पाठ आहे. तरी कुणी नाकारलंच, तर नकार लेखी मागेन. कागद हातात पडेपर्यंत मी खुर्चीवरून उठणार नाही.