नलूला सांजवेळ नको होती

संजयचा फोन आला, “मावशी, आई गेली,” आणि माझ्या तोंडून निघालं, “अरे, असं कसं? काल तर माझ्याशी भांडली!” नलू माझी मावसबहीण. आता महिना होत आला, आणि भांडायला हक्काचं माणूस म्हणून घरात नुसता रेडिओ उरलाय... दहाव्याला रामकुंडावर तिचे पहिल्या सासरचे मोठे दीर नानासाहेब बोलायला उभे राहिले. हातात माईक नव्हता, पण माणूस असा की माईक नसला तरी तो असल्यासारखाच बोलतो. “आमच्या नलिनीने समाजाला दिशा दिली,” म्हणाले. आणि दिशा देऊन झाल्यावर कडेला बसलेल्या वसंतरावांकडे हात करून विचारलं, “त्या गृहस्थांच्या चहाचं बघा रे कोणीतरी.” बारा वर्षं नवरा होता हो तिचा. गृहस्थ म्हणे!

नलूचा पहिला नवरा गेला तेव्हा संजय शाळेतही जात नव्हता. मखमलाबादच्या मळ्यात झेंडू-शेवंती लावून, पाट्या भरभरून बाजारात नेऊन तिने त्याला वाढवलं, तो अंबडला कंपनीत लागला, त्याचं लग्न झालं. त्या लग्नात ही मुलाची आई कुठे, तर कोठीच्या दाराशी, नारळ मोजत. विधवेने पुढे यायचं नाही, हा नानांचा कायदा. संजय गप्प बसला. नलूही त्या दिवशी गप्प बसली, तेव्हाच मला कळायला हवं होतं की ही काहीतरी करणार.

वसंतराव देवळ्याचे, एसटीत कंडक्टर, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. फुलांच्या पाट्यांना तिकीट लावण्यावरून दोघांची रोजची हमरीतुमरी, त्यातून ओळख. ते निवृत्त झाले आणि पन्नाशी ओलांडलेल्या नलूने जाहीर केलं, लग्न करणार. संजय म्हणाला, “आई, कचेरीत सह्या करून ये. बोभाटा कशाला?” ती म्हणाली, “बोभाटा चोरीचा होतो. मी लग्न करतेय. चार माणसांसमोर, मोठ्याने.” भटजी मात्र नको. “त्यांच्या मंत्रांत मी कुठे बसते? माझं कन्यादान कोण करणार, संजय?” मग ठरलं, सह्या कचेरीत, आणि पंचवटीतल्या छोट्या हॉलमध्ये आपल्याला हवं ते वाचायचं. ते शोधायला रोज दुपारी माझ्या ओट्यावर बैठक.

पहिले आले नानासाहेब. लग्नाला विरोध, पण लग्नात आपली कविता वाचली जाणार असेल तर तेवढ्यापुरता नाही. नाना मंगलाष्टकं रचत. गुलाबी कागदावर छापून आणत, आणि नावं बदलून तीच सगळ्या नात्यात फिरवत. वसंतला यमक अनंत, अनंताला संत, संताला जयवंत... आणि शेवटी ‘अष्टपुत्रा भव’. नलूने शांतपणे कागदाची घडी केली. “नाना, आठ पुत्र? डॉक्टरला विचारून सांगते.”

मग महिला मंडळाच्या बायका आल्या, रेशमी साड्या सावरत, डोळ्यांत आधीच पाणी आणून. त्यांच्या कवितांत सांजवेळ, पिकली पानं, काठीचा आधार, पैलतीर. नलू म्हणाली, “अहो, मी लग्न करतेय की दवाखान्यात भरती होतेय?” दुसऱ्या दिवशी त्यांनी ‘अबलेचा उद्धार’ आणला. ती म्हणाली, “उद्धार माझा माझा झालाय. तुमचा राहिला असेल तर बघा.” मग मीही माझी कवितांची कात्रणं काढली. मी सातवी शिकलेली, पुढचं सगळं वाचन पुडीच्या कागदांवर झालेलं, तेव्हा त्या कात्रणांचा मला कोण अभिमान! तिने एकेक वाचलं. “चंद्र, चांदणं, मोगरा, मिठी. अक्का, ह्या लोकांच्या कमरेत कधी उसण भरत नाही का गं?” चार दिवस मी तिच्याशी बोलले नाही. पण खरं सांगते, त्यानंतर ती कात्रणं वाचताना मला हसूच यायला लागलं.

शेवटी तिनेच ठरवलं. आपण कसे आहोत ते ज्याचं त्याने लिहायचं आणि सगळ्यांसमोर वाचायचं. झालं! हॉलमध्ये नातेवाईक आले, न येऊन कसं चालेल, नावं कशी ठेवणार मग? हातांत अक्षता घेतल्या, चेहरे मात्र दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखे. संजय अगदी मागे, दाराशी. वसंतराव उभे राहिले, एसटीतला आवाज. “मला साखर जास्त लागते. मी घोरतो. राग आला की बोलत नाही, तेव्हा मला छेडू नये.” मग नलूने वाचलं. “मी फटकळ आहे, ती तशीच राहणार. माझा मुलगा माझ्यावर रागावलाय. तो येईल तेव्हा दार तुम्ही उघडायचं. तो आला नाही तर मी दिवसभर चिडचिड करीन, ती तुम्ही सोसायची. सून मला नको म्हणाली तरी चालेल, मुलगा नको म्हणाला तर चालणार नाही.” आणि बसली.

संपलं. पण ‘सावधान’ कोणी म्हटलंच नाही, मग अक्षता टाकायच्या कधी? सगळे मुठी आवळून एकमेकांकडे बघताहेत. नानांनी तर आपल्या अक्षता हळूच कोटाच्या खिशात सोडल्या, मी डोळ्यांनी पाहिलं. नलू मान खाली घालून बसलेली. तिला तसं बसलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं... आणि मागून संजय ओरडला, चिडून, रडवेल्या आवाजात, “अहो, टाका की आता! हातातल्या हातात कोंब आणताय का त्यांना?” आणि तरातरा पुढे येऊन पहिली मूठ त्यानेच आईच्या डोक्यावर रिकामी केली.

दहाव्याहून निघताना नानासाहेब संजयला बाजूला घेऊन म्हणाले, “पंचवटीतल्या आईच्या घराच्या दारावरची ती दोघांच्या नावाची पाटी काढून टाक. बरं दिसत नाही आता.” संजय म्हणाला, “काढतो.” मला त्याचा असा राग आला! गेल्या रविवारी अंबडला त्याच्या घरी गेले, तर त्याच्या स्वतःच्या नावाखाली तीच पाटी. नलिनी आणि वसंत. आत वसंतराव नातीला पाढे विचारत होते. संजय त्यांना सामानासकट घेऊन आला होता. मी म्हटलं, “अरे, पाटी वाकडी लागलीय.” तो आत वसंतरावांकडे बघत म्हणाला, “अण्णांनी सांगितलं, तश्शीच लाव. तिकडे आईने स्वतः ठोकली होती, वाकडीच. त्यांनी बोलून दाखवलं तर म्हणाली, वाचता येते ना? मग झालं.”