राजेश्वरीचे हात

मैंदर्गीच्या शिवबाईला आपल्या लेकीचं भारी कौतुक. राजेश्वरी सोलापूरला विद्यापीठात रसायनशास्त्र शिकत होती, पण शिवबाई सांगायची ते वेगळंच. "आमची राजू लई मडीची. चारदा हात धुतल्याबिगर गळ्यातल्या लिंगाला शिवत न्हाय." मडी म्हणजे सोवळं. ऐकणाऱ्या बायका माना डोलवायच्या. आपापल्या मोबाइलवेड्या लेकींना टोमणे मारायला त्यांना हे आयतंच सापडलं होतं.

चाराचे चाळीस कधी झाले, कुणी पाहिलं नाही. हात सोलवटले. नळापाशी वेळ गेला आणि एक पेपरच बुडाला. विद्यापीठातल्या समुपदेशक बाईंनी घरी फोन केला, तर शिवबाईच उखडली. "देवाधर्माला आजार म्हणता व्हय?" म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

मग पौषात राजेश्वरीचे वडील गुरुबसप्पा शेतातच बसल्या जागी गेले. लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना भिंतीला टेकवून बसवलं, विभूती लावली. आता त्यांच्या गळ्यातलं इष्टलिंग त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवायचं होतं. "ते राजूनंच ठेवायचं," असं ते जिवंतपणी कितीदा तरी म्हणाले होते. विधी करायला आलेले स्वामी थांबले, सगळी भावकी थांबली. राजेश्वरी परसातल्या नळापाशी होती.

शिवबाई तिला आणायला गेली.

"अजून स्वच्छ न्हाईत अव्वा. अशा हातानं शिवले तर आप्पांना काय तरी हुईल."

"आता काय व्हायचं ऱ्हायलंय गं त्येंना?"

"सातवीत तूच म्हणालीस की. हात न धुता आप्पांच्या लिंगाला शिवलीस, म्हणून त्येंना ताप आला."

शिवबाईला आठवलं. चुलीपुढं, घाईत, रागाच्या भरात तोंडातून गेलेलं एक वाक्य. ती स्वतः दुसऱ्या दिवशी विसरली होती. पोर मात्र दहा वर्षं बापाचा जीव आपल्या हातांत धरून बसली होती, आणि आई गावभर त्याचं कौतुक सांगत हिंडत होती. तिनं नळ बंद केला. ते सोललेले हात पदरात घेतले.

"मी उगंच बोलले गं बाई. ताप उन्हाचा हुता. तुझ्या हाताचा न्हाय."

राजेश्वरीनं शांतपणे ऐकून घेतलं. आईच्या डोळ्यांतलं पाणीसुद्धा पुसलं.

"व्हय अव्वा, कळतंय मला," ती म्हणाली. "एवढं एकदाच धुते अन् येते."

तिनं नळ सोडला. घरात बराच वेळ वाट पाहून लिंग शेवटी स्वामींनीच ठेवलं.