दाखल्यावरचं कुंकू

माझ्या लग्नाला पाच माणसं हजर होती, त्यातली दोन आम्हीच. उरलेल्यांत एक लग्न लावणारे अधिकारी, एक आमच्या हॉटेलातला पाव भाजणारा आणि एक ड्रायव्हर, जो गाडी कुठे लावू हे विचारायला आत आला आणि साक्षीदार होऊन बाहेर पडला. सेशेल्सला, समुद्रापासून शंभर पावलांवर, बाराव्या मिनिटाला मी नवरा झालो. तेवढ्या वेळात आमच्या भोंगवलीत वऱ्हाडाच्या चपलाही काढून होत नाहीत.

बायको श्रीलंकेची. मी त्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात, ती धुलाईत. करार संपल्यावर भाटघरच्या रस्त्याला छोटी खाणावळ काढायची असं आम्ही ठरवलं. ती तीन महिन्यांच्या पर्यटक व्हिसावर आली. तेवढ्या मुदतीत आमचं लग्न इथे ग्राह्य धरलं गेलं तर ती माझी बायको म्हणून राहणार, नाहीतर पर्यटक म्हणून परत जाणार.

न विचारता लग्न केलं म्हणून आई माझ्याशी दोन वर्षं फोनवर फक्त पाऊसपाण्याचं बोलत होती. सून घरात आल्यावर तेही बंद झालं. नवव्या दिवशी बायकोने आईचं नऊवारी लुगडं धुऊन, हॉटेलात चादरींची करतात तशी काटेकोर घडी घालून तिच्या पुढ्यात ठेवलं. आईने त्या घडीवरून हात फिरवला आणि माझ्या भावाला म्हणाली, ह्यांच्या लग्नाचा कागद कुठं हाय तो काढ.

पत्रिका आम्ही छापलीच नव्हती. मग आईने दाखल्यालाच पत्रिका मानलं. चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं आणि तो देवळात नेऊन देवीसमोर ठेवला. कुंकू पुसू नये म्हणून भावाने तो त्याच दुपारी भोरच्या स्टँडसमोर लॅमिनेट करून आणला. मी खाणावळीसाठी जागा बघून घरी परतलो तेव्हा त्याने तो शाल-श्रीफळ दिल्यासारखा माझ्या हातात ठेवला. खालच्या उजव्या कोपऱ्यात तिथल्या सरकारचा शिक्का होता. आता तिथे कुंकू होतं, आणि वर प्लास्टिक.

मी पोट धरून हसलो. आठवडाभर भेटेल त्याला हा किस्सा साभिनय ऐकवला.

ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, लग्न ज्या हद्दीत लागलं तिथंच त्याची नोंद. समुद्र काही आमच्या हद्दीत येत नाही. मग पुणे. तिथल्या विवाह नोंदणी कार्यालयातल्या बाईंनी दाखला उजेडात धरला.

"शिक्का कुठंय?"

"कुंकवाखाली."

त्या हसल्या नाहीत. ज्या देशाचा दाखला, त्याच देशाने तो खरा असल्याची मोहोर त्यावर उमटवून द्यावी लागते, हे त्यांनी मला शांतपणे सांगितलं. प्लास्टिकवर कुणी मोहोर मारत नाही. नवी प्रत मागवा. नव्या प्रतीला किती महिने लागतील ते मात्र कुणालाच सांगता येईना.

घरी आल्यावर आईला सगळं समजावलं. तिने पुन्हा पुन्हा विचारलं, कुठला कोपरा, कुठला? मग म्हणाली, "हिचं लगीन म्या मानलंय. आता आनकी कुनी मानायचं ऱ्हायलंय?"

भोरच्या वकिलाने जवळची वाट काढून दिली: आधीचं सोडा, इथे नव्याने लग्न करा. फक्त अर्जावर दोघांनी 'अविवाहित' लिहायचं. मी अर्ज नाचवतच घरी आलो. दुसरं लग्न, आणि तेही त्याच बाईशी, असं नशीब तालुक्यात कुणाचं नाही, असं बरंच काही बोललो. बायकोने अर्ज पूर्ण वाचला. पेन खाली ठेवलं आणि सेशेल्सला त्या दिवशी आपण काय केलं होतं, असं विचारलं. मी म्हणालो, अगं, नुसता कागद आहे. कागद नुसताच असेल तर हा दुसरा कशाला हवा, असं ती म्हणाली. मग मी आवाज चढवला. तुझ्यामुळे अडलंय, असंही म्हणालो. इतका चांगला किस्सा सांगणाऱ्या माणसाला त्या दिवशी एक धड वाक्य सुचलं नाही.

व्हिसाची मुदत संपायला दोन दिवस असताना ती श्रीलंकेला परत गेली. आईने लुगड्याची ती घडी मोडली नाही. अजून ट्रंकेत तशीच आहे.

मोहोर मारलेली नवी प्रत सात महिन्यांनी आली. मी लगेच फोन लावला. तिला घराजवळच्या एका हॉटेलात काम मिळालं होतं. तिने अभिनंदन केलं, आईची तब्येत विचारली. तिकीट काढू का, असं मी विचारलं.

"नको. आता त्या अर्जावर तू अविवाहित लिहिलंस तरी चालेल."

फोन ठेवला तेव्हा आई दारात उभी होती. हातात कुंकवाचा करंडा. दाखला माझ्या मांडीवर होता, पण ती पुढे येईना.

"लावू का रं?"

"लाव," मी म्हणालो. "शिक्क्यावरच लाव."