भामाबाईच्या हातचा डाग

भामाबाईच्या हाताला गुण आहे, असं मांडवगण फराट्याच्या त्या वस्तीवर सगळेच म्हणत. मेंढरं होती तेव्हा खोकणाऱ्या मेंढराच्या बरगडीवर विळा तापवून डाग द्यायचं काम तिचंच. पुढं मेंढरं गेली, उसाचं रान आलं, पण विळा राहिला. कुणाची पाठ धरली, कुणाचं पोट दुखलं, की माणसं तिच्या दाराशी. डाग देताना ती अशी काही बोलण्यात गुंतवायची, की चटका बसल्याचं माणसाला मागाहून कळे.

तिच्या नवऱ्याला, आबांना, उसाला पाणी देऊन आल्यावर हुडहुडी भरली. ताप, खोकला, आणि उजव्या कुशीत अशी कळ की श्वास अर्ध्यातच सोडावा. सून प्रतिभा त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला, गोळ्या दिल्या, सगळ्या संपवून छातीचा फोटो काढायला या म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या तरी कळ हटेना.

"मेंढरं बरी केलीस, आन् मला परक्याच्या हाती देतीस व्हय?" आबा म्हणाले.

भामाबाईनं विळा तापवला.

दोनचार दिवसांत कळ थांबली. आबा त्याच कुशीवर निवांत झोपले, तशी ती हरखली. कोर्स पुरा करायला पाहिजे आत्या, असं प्रतिभा सांगत राहिली. दुखणंच गेलं तर गोळी पोटात काय हुडकत फिरंल, म्हणून भामाबाईनं हसण्यावारी नेलं. गोळ्या सुटल्या, फोटोही राहूनच गेला.

मग संध्याकाळचा ताप परत आला. गोठ्यापर्यंत जाताना आबा मधेच थांबू लागले, बोलताना शब्द तुटू लागले. मुलगा बिरदेव कंपनीतून रजा टाकून आला आणि त्यांना दौंडला घेऊन गेला. फोटोत छातीची उजवी बाजू पांढरी फटक. फुप्फुसाभोवती साठलेल्या पाण्याचा पू झाला होता, घट्ट, जाळ्या धरलेला. नळी घातली, पण थोडाच निघाला. छाती उघडून साफ करायची, तर आबांचं हृदय आधीच अधू, ते सोसणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. पुण्यातही तेच सांगितलं.

भामाबाईनं तिथल्या डॉक्टरांना एकच विचारलं. "पण दुख थांबली व्हती की, सायेब."

तो तरुण डॉक्टर तिच्याशेजारी बाकावर बसला. न्यूमोनियात फुप्फुसावरचं आवरण सुजतं, बरगड्यांच्या आतल्या बाजूला घासतं, म्हणून कळ येते, हे त्यानं तळहातावर तळहात घासून दाखवलं. मग तळहात एकमेकांपासून लांब केले. "मधे पाणी भरलं, म्हणून दुखायचं थांबलं, आजी. तेव्हाच आणायला हवं होतं."

घरी आणलं तरी प्रतिभानं एकदाही म्हटलं नाही की मी सांगत होते. भामाबाईला तेच सोसवेना. भेटायला येणारे वर म्हणायचे, काही म्हणा, डागानं कळ तर गेली. ती उठून आत जायची.

एका दुपारी वाकळांच्या वळकटीला टेकून बसलेले आबा म्हणाले, "भामे... अजून एक डाग दे. मागल्या टायमाला... बरं वाटलं व्हतं."

वळचणीचा विळा काढून ती चुलीपाशी जाऊन बसली.

"तापला का?" आबांनी विचारलं.

"तापतोय."

चुलीत सकाळची गार राख होती. विळा मांडीवर घेऊन ती तशीच बसून राहिली, आणि आबा सदरा वर करून वाट बघत राहिले.