परत येणारा बैल

पुरानी बस्तीतल्या एका प्राथमिक शाळेत नीलिमा मॅडम मुलांना वस्तू बनवायला शिकवतात. खोकी, बाटल्यांची झाकणं, सायकलच्या तारा, कुल्फीच्या काड्या. संध्याकाळी तात्यापाऱ्यातल्या घरी पोचल्या की नवरा शिशिर हाक मारतो, "आलं का कबाड?" त्या पिशवी कोपऱ्यात ठेवतात आणि चहा टाकतात. मूलबाळ नाही. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात त्यांनी एक प्रश्न लिहून ठेवला आहे: ही वस्तू कोणासाठी? तो त्या कधी पुसू देत नाहीत.

यंदा तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलांच्या खेळण्यातल्या बैलांच्या सणाला, चौथीच्या मुलांनी पुठ्ठ्याचे, चाकांवर चालणारे बैल केले. शाळेच्या ओसरीत त्यांची शर्यत होती, पालक येणार होते. रीनाचा बैल सरळ जाईना. ढकलला की वळायचा आणि गोल फिरून मागे यायचा. पुढच्या चाकांची तार ज्यातून जाते ती नळी तिरकी बसली होती. मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा असताना मॅडमनी ती काढली, पट्टीनं मापून सरळ केली आणि गोंद भरून पक्की चिकटवली. सगळ्यांसमोर पोरीची फजिती होऊ नये, एवढंच मनात होतं.

शर्यतीत बैल सुसाट सरळ गेला. टाळ्या पडल्या. रीना भिंतीकडे तोंड करून रडत होती.

"काहून रडून राहिली बेटा? जिंकला न तुझा बैल!"

"अब ये वापस नहीं आएगा, मैडम।"

मग हळूहळू कळलं. रीनाचे वडील हिरालाल कामावर छतावरून पडले, तेव्हापासून खाटेवर आहेत. आई दिवसभर बाहेर, ही शाळेत. पडल्या पडल्या बाबांनी बैल ढकलावा, त्यानं खोलीत एक फेरी मारावी आणि पुन्हा त्यांच्या हाताशी यावं, म्हणून तिनं नळी तिरकी लावली होती. घरच्या फरशीवर पुन्हा पुन्हा ढकलून बघत, जमेपर्यंत.

प्रश्न फळ्यावर होता. मॅडमनी तो रीनाला विचारला नव्हता.

त्याच संध्याकाळी मॅडम तेलीबांधा तलावामागच्या रीनाच्या एका खोलीच्या घरी गेल्या. नळी उपटताना पुठ्ठा फाटला. आतून दुसरा तुकडा लावून त्यांनी ती पुन्हा तिरकी बसवली. हिरालालनी बैल ढकलला. तो वळला खरा, पण खाटेपासून लांबच थांबला. मॅडमनी नळी आणखी वळवली. आता तो भिंतीवर आपटला. हिरालालचा हात खाटेवरून खाली लोंबत होता, बोटं हवेत हलत होती.

"राहू द्या मॅडम," ते म्हणाले. "मस्त दौडते. पोट्टी देईल न उचलून."

"रीना, तू बसव बेटा. मले नाही जमून राहिलं. तुले येते."

मॅडमनी बैल पुढे केला. रीनानं दोन्ही हात मागे घेतले.

"आप ही बना दो न, मैडम। आपका अच्छा बनता है।"

ती रागानं बोलत नव्हती. पोरीला ते खरंच वाटत होतं.

मॅडमनी बैल हिरालालच्या हाती दिला. त्यांनी तो पुन्हा ढकलला, बहुधा मॅडमसाठीच. बैल दाराशी जाऊन कलंडला. रीना उठली, तो आणून बाबांच्या बोटांशी ठेवला, आणि दारात जाऊन बसली, पुढच्या वेळी लवकर उचलता यावा म्हणून.