डबा वाजला की

साठच्या दशकात मी रास अल खैमात पाण्याचा टँकर चालवायचो. माझ्याआधी तिथे एक म्हातारा अरब आठ गाढवांवरून घरोघरी पाणी पोचवायचा. टँकर आला आणि त्याचा धंदा बसला. त्याने गाढवं डोंगरात सोडून दिली.

वर्षभरात ती रानटी झाली, पण पुरती नाही. म्हातारा त्यांना डबा वाजवून पाण्यावर बोलवायचा, ती सवय सुटली नव्हती. कुणीही डबा वाजवला की धावत यायची. खजुराची रोपं खातात म्हणून एका बागवाल्याने असाच डबा वाजवला आणि त्यातल्या दोन गाढवांना गोळ्या घातल्या.

त्यानंतर म्हातारा रोज माझ्या टँकरमध्ये चढून बसायला लागला. डोंगराच्या पायथ्याशी दगडी कुंडात मला पाणी ओतायला लावायचा, स्वतः डबा वाजवायचा आणि गाढवं जवळ आली की त्यांच्यावरच दगड फेकायचा. आम्ही निघून गेल्यावरच ती बिचारी पाणी प्यायची.

"पाणीही पाजता आणि दगडही मारता? डोकं फिरलंय का तुमचं, चाचा?" मी आमच्या रत्नागिरीकडच्या हिंदीत ओरडायचो. तो पुढचा दगड उचलायचा.

थंडीत एकदा त्याने डबा वाजवला. उतारावर सहा जोड्या कान टवकारले गेले आणि बघता बघता सगळी गाढवं वर पसार झाली.

"खलास," म्हणत त्याने डबा माझ्या हातात दिला. "आता कुणालाही वाजवू दे."

मी तो जीव खाऊन बडवला. एकही आलं नाही. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.